धरायचा आणि सोडायचा?

दोस्तांनो, गेल्या महिन्यात या पानावर आपण कोकणातल्या रापणीबद्दल बोललो होतो. त्यावर आलेल्या पत्रांत एक पत्र सातवीतल्या एका मैत्रिणीचं आहे. तिच्या मावशीने अमेरिकेतून एक फोटो पाठवला. फोटोत काका कमरेइतक्या पाण्यात उभे आहेत, हातात ठिपक्याठिपक्यांचा देखणा मासा आहे, आणि खाली मावशीने लिहिलंय की फोटो काढला आणि लगेच मासा सोडून दिला. मैत्रिणीच्या घरी यावरून बरीच चर्चा झाली म्हणे. आजी म्हणाल्या, एवढा छान मासा हातात आला आणि सोडला? वेडेच आहेत! मैत्रिणीला मात्र वेगळाच प्रश्न पडलाय. सोडूनच द्यायचा होता, तर मुळात धरला कशाला?

प्रश्न सरळ आहे, उत्तर मात्र तितकं सरळ नाही. त्यासाठी आपल्याला तिकडच्या एखाद्या नदीवरच जायला हवं. चला तर!

अमेरिकेच्या नकाशात पश्चिमेकडे रॉकी पर्वताची रांग शोधा. तिथेच यलोस्टोन आहे, १८७२ साली झालेलं जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. या उद्यानात फायरहोल आणि गिबन या दोन नद्या एकमेकींना भेटतात आणि तिथून पुढे त्या नदीला मॅडिसन म्हणतात. फायरहोलच्या नावातच आग आहे, कारण तिच्या काठाकाठाने गरम पाण्याचे झरे आणि उंच उडणारे फवारे आहेत. मॅडिसन पुढे मोंटाना राज्यातून उत्तरेकडे वाहते आणि सुमारे ३०० किलोमीटरनंतर तिला जेफरसन आणि गॅलॅटिन या नद्या भेटतात. तिघी मिळून होते ती मिसुरी. १८०५ साली लुईस आणि क्लार्क यांची शोधमोहीम तिथे पोचली, तेव्हा जेफरसन हे अमेरिकेचे अध्यक्ष होते आणि मॅडिसन व गॅलॅटिन त्यांचे मंत्री. तीन नद्या, तीन साहेब! वरिष्ठांना खूश ठेवायची रीत जुनीच आहे म्हणायची.

वाटेत एक तलाव लागतो. त्याच्या पाण्यातून वाळलेल्या झाडांचे पांढरट सोट वर आलेले दिसतात. या तलावाचं नाव क्वेक लेक, म्हणजे भूकंप तलाव. १७ ऑगस्ट १९५९ च्या रात्री इथे मोठा भूकंप झाला, एका डोंगराची अख्खी बाजू घसरून नदीत आली आणि मॅडिसन अडली. त्या रात्री २८ माणसं गेली. अडलेलं पाणी साचत साचत झाला तो हा तलाव, आणि ते सोट म्हणजे त्या वेळी काठावर उभी असलेली झाडं. हा तलाव लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला परत इथे यायचं आहे.

आता आपण जुलैच्या पहिल्या आठवड्यात मॅडिसनवर पोचलोय असं समजू या. हिवाळ्यातलं बर्फ वितळून आलेला लोंढा ओसरलाय, पाणी नितळ झालंय. पण ऊन कितीही असो, पाणी थंडच. म्हणून छातीपर्यंत येणारी, पाणी आत न घेणारी विजार घालायची. तिला वेडर म्हणतात. सरकारी परवाना खिशात हवा. आणि हो, काठावर कुणाच्या तरी गुराढोरांच्या कुरणाचं कुंपण दिसलं तर घाबरू नका. मोंटानात १९८५ पासून कायदाच आहे, की सार्वजनिक रस्त्यावरून किंवा पुलाजवळून एकदा नदीत उतरलात की नेहमीच्या भरतीच्या पाण्याची जी खूण काठावर असते, तिच्या आतून कुणीही चालावं. जमीन मालकाची, नदी सगळ्यांची! मला हा कायदा फार आवडतो.

आपल्याकडे गळ टाकून मासे धरताना तुम्ही कुणाला तरी पाहिलं असेलच. गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, दोरीला शिशाचा तुकडा. हात फिरवून दोरी भिरकावली की शिशाच्या वजनाने ती पाण्यात जाऊन पडते. फ्लाय फिशिंगमध्ये सगळं उलटं. इथे ना गांडूळ, ना कणीक, ना शिसं. आमिष असतं ते खोट्या माशीचं. इवल्याशा गळावर कोंबड्याच्या मानेची पिसं, सांबरासारख्या एल्क नावाच्या प्राण्याचे केस आणि रंगीत दोरा गुंडाळून ही माशी बनवतात. युक्ती नवी नाही. मॅसिडोनियात लोक गळाला तांबडी लोकर आणि पिसं बांधून मासे धरतात, असं एलियन नावाच्या रोमन लेखकाने सुमारे १८०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे.

पण गंमत अशी, की या माशीला लवंगेइतकंही वजन नसतं. मग ती पन्नास फूट लांब जाणार कशी? पीस भिरकावून पाहा बरं! पायाशीच पडेल. इथे वजन असतं ते दोरीत. ही दोरी जाड, गुळगुळीत आणि पाण्यावर तरंगणारी असते. पोतराजाचा आसूड आठवा. हातातून निघालेली लाट पुढे पुढे सरकते आणि टोकाला जाऊन फटकन उलगडते. अगदी तसंच. साधारण नऊ फूट लांबीची लवचीक काठी डोक्यावरून मागे न्यायची, घड्याळात एक वाजतो तिथे थांबायची. मागे दोरी पूर्ण उलगडेपर्यंत दम धरायचा. मग पुढे आणून दहा वाजतात तिथे थांबायची. दोरीची लाट पुढे जाते, तिच्या शेवटी केसासारखा बारीक पारदर्शक धागा असतो, आणि त्या धाग्याच्या टोकाची माशी सावकाश पाण्यावर उतरते.

वाचायला सोपं वाटलं ना? सगळी मेख त्या दम धरण्यात आहे. नवशिक्याला घाई असते. तो मागची दोरी उलगडायच्या आतच पुढे झटका देतो, आणि मग माशी अडकते ती मागच्या झुडपात, नाहीतर स्वतःच्याच टोपीत.

बरं, माशी टाकता आली म्हणजे मासा आलाच असं नाही. ट्राउट मोठा चोखंदळ. आज नदीवर जो किडा उडतोय, तोच त्याला हवा. त्याच रंगाचा, त्याच आकाराचा. म्हणून तिथले जाणते लोक आधी काठी हातात घेतच नाहीत. ते वाकून पाण्यातला एखादा दगड उलटा करतात.

दगडाच्या खालच्या बाजूला एक अख्खी वसाहत असते. तीन शेपट्यांची चपटी पिल्लं दिसतात, ती मेफ्लायची. वाळूचे कण चिकटवून केलेली बारीक नळी दिसते, ती कॅडिसच्या अळीचं घर. अळी स्वतःच्या तोंडातून रेशमासारखा धागा काढते आणि त्याने खडे जोडते. सिमेंट नाही की काही नाही! आणि नशीब असेल तर दिसते सामनफ्लायची अळी, काळपट आणि करंगळीएवढी. ही तीन-चार वर्षं पाण्यात दगडांखाली राहते. मग जूनअखेर, जुलैच्या सुरुवातीला एके दिवशी सरपटत काठावर येते, झुडपावर चढते, पाठीवरची कातडी फाडते आणि आतून नारिंगी पोटाचा, चार पंखांचा, दोन इंची किडा बाहेर पडतो. असे हजारो किडे एकदम! ते धडपडत पाण्यावर पडायला लागले की ट्राउटची चंगळ. एरवी लाजरेबुजरे असणारे मोठे मोठे मासे भरदिवसा वर येतात. हे पाहायला आणि गळ टाकायला लोक दूरदूरच्या राज्यांतून मॅडिसनवर येऊन राहतात.

(यातलं बरंचसं पाहायला अमेरिकेला जायची गरज नाही. पावसाळा संपल्यावर सह्याद्रीतल्या एखाद्या वाहत्या, स्वच्छ ओढ्यात मोठ्या माणसाला बरोबर घेऊन जा आणि दगड हलकेच उलटा करा. मेफ्लायची पिल्लं आणि कॅडिसची घरं आपल्याकडेही आहेत. पाहून झालं की दगड होता तसाच ठेवायचा. एखाद्याचं छप्पर काढून तसंच टाकून जातं का कुणी?)

दगड पाहिला, माशी निवडली. आता मासा कुठे उभा असेल? हो, ट्राउट वाहत्या पाण्यात उभाच असतो, तोंड वरच्या बाजूला करून. पण ऐन धारेत नाही. तिथे उभं राहायचं तर सतत पोहावं लागेल, आणि खाल्लेलं सगळं पोहण्यातच जाईल. म्हणून तो मोठ्या धोंड्याआड, जोराचं पाणी आणि संथ पाणी जिथे एकमेकाला लागून वाहतं त्या रेषेवर थांबतो. संथ पाण्यात अंग, जोराच्या पाण्यावर नजर. वाहत आलेला किडा दिसला की चटकन पुढे, घास घेतला की परत जागेवर. कमाई जास्त आणि खर्च कमी. आपल्याला जमत नाही ते त्याला जमतं!

माशी बरोबर त्या रेषेवर पडली पाहिजे आणि पाण्याच्याच वेगाने वाहत आली पाहिजे. दोरीने तिला जरा जरी ओढलं, तर तिच्यामागे पाण्यावर बारीकशी रेघ उठते, आणि खरा किडा अशी रेघ काढत नाही हे माशाला ठाऊक असतं. तो तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. असं दहा वेळा होतं, वीस वेळा होतं. मग एकदा पाण्यावर लहानसा गुबुक आवाज होतो, माशी नाहीशी होते आणि काठी वाकते.

मासा हाताशी आला की सोडण्याची तयारी सुरू. गळाच्या टोकाशी जो उलटा काटा असतो, तो आधीच पकडीने दाबून सपाट केलेला असतो, म्हणजे गळ सहज निघतो. माशाला हात लावण्याआधी हात ओले करायचे, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर म्हणजे त्याचं रोगांपासूनचं चिलखत. कोरड्या हाताने ते पुसलं जातं. शक्यतो त्याला पाण्याबाहेर काढायचंच नाही. फोटो काढायचा असेल तर क्षणभर. आणि मग त्याचं तोंड धारेकडे करून नुसतं हलकेच आधार द्यायचा. कल्ल्यांतून पाणी खेळलं, जिवात जीव आला की तो शेपटीचा एक फटका मारून आपला आपण जातो.

काकांनी जे केलं ते हे असं. आता वळू या आपल्या प्रश्नाकडे.

मॅडिसनच्या काठी एनिस नावाचं छोटंसं गाव आहे. तिथली एक पाटी फार प्रसिद्ध आहे. गावाची लोकसंख्या तिच्यावर अशी लिहिलेली: माणसं ८४०, ट्राउट १,१०,००,०००. अर्थात हा विनोद. पण खरंच नदीतले मासे मोजायचे असतील तर? रांगेत उभे करून हजेरी तर घेता येत नाही.

एक प्रयोग करा. डबाभर चिंचोके घ्या, न मोजता. त्यातले ५० काढून त्यांच्यावर खडूने खूण करा आणि परत डब्यात टाकून चांगले कालवा. आता डोळे मिटून पुन्हा ५० काढा. समजा, त्यांत खुणेचे ५ निघाले. म्हणजे दर दहांत एक खुणेचा. खुणेचे एकूण ५०, म्हणजे डब्यात साधारण ५०० चिंचोके असणार. मग मोजून पाहा. अगदी तंतोतंत नाही, पण जवळपास उत्तर येतं. मॅडिसनवरही हेच करतात. होडीतून पाण्यात विजेचा सौम्य झटका देतात. आसपासचे मासे थोडा वेळ गुंग होतात, ते जाळीने उचलून मोजतात, मापतात, परातल्या टोकाला बारीकशी खूण करतात आणि सोडतात. काही दिवसांनी परत तेच. (पर म्हणजे माशाचा कल्ला नव्हे हं, तर पोहायचा पंखा!)

१९६० च्या दशकात मोंटानाच्या सरकारी खात्यातले डिक व्हिन्सेंट नावाचे जीवशास्त्रज्ञ मॅडिसनवर असे मासे मोजत होते. त्या काळी अमेरिकेत सगळीकडे एक पद्धत होती. सरकारी मत्स्यबीज केंद्रात, सिमेंटच्या हौदांत ट्राउट वाढवायचे आणि ट्रकांतून आणून नदीत ओतायचे. लोकांनी यावं, गळ टाकावा, मासे घरी न्यावेत. संपले की पुन्हा ट्रक. व्हिन्सेंट आकडे मांडायला बसले तेव्हा त्यांना काहीतरी विचित्र दिसलं. नदीच्या ज्या भागात दरवर्षी मासे ओतले जात होते, तिथे नदीतच जन्मलेले ट्राउट कमी होते. जिथे ओतले जात नव्हते, तिथे जास्त!

कुणाचा विश्वास बसेना. मग प्रयोग झाला. जिथे मासे सोडत होते तिथे सोडणं थांबवलं. आणि ओडेल क्रीक नावाच्या एका ओढ्यात, जिथे सोडत नव्हते, तिथे सोडायला सुरुवात केली. काही वर्षांनी मोजलं. पहिल्या ठिकाणी नदीत जन्मलेले ट्राउट दुपटीहून जास्त झाले होते. ओढ्यातले घटले होते.

असं का व्हावं? नदीत जन्मलेल्या प्रत्येक ट्राउटची धोंड्याआडची जागा ठरलेली असते. कुणाची कोणती, हे लहानपणापासूनच्या हमरीतुमरीत नक्की झालेलं असतं. तिथे एकदम हजारो पाहुणे येऊन पडतात. त्यांनी आयुष्यभर हौदात, वरून पडणाऱ्या गोळ्या खाल्लेल्या. त्यांना धोंडा माहीत नाही, रांग माहीत नाही. ते सगळ्यांना ढुशा देत सुटतात. जुन्यांची घडी विसकटते, आणि नवे हिवाळ्यात टिकत नाहीत ते नाहीतच. शास्त्रज्ञांनी यामागचं कारण साधारण असं लावलं आहे.

तुम्हाला वाटेल, आकडे दाखवल्यावर लोक खूश झाले असतील. छे! मासे ओतणं बंद करणार म्हटल्यावर खूप आरडाओरडा झाला. मासेमारीच्या सामानाचे दुकानदार चिडले, मासेमारी करणारेही चिडले. मासे वाढवायचे म्हणून मासे सोडणं बंद करा, हे ऐकायलाच उफराटं वाटतं. तरी १९७४ साली मोंटानाने जिथे मासे आपले आपण वाढतात अशा नद्यांत ट्रक पाठवणं थांबवलं.

पण आता दुसरा ट्रक येणार नव्हता. नदी जेवढे मासे देईल तेवढेच. मग ज्यांना पुढच्या वर्षीही गळ टाकायचा आहे, त्यांनी काय करायचं? धरलेला मासा परत सोडायचा. पुढच्या शरद ऋतूत तोच मासा अंडी घालील. काकांनी मासा का सोडला, याचं उत्तर हे आहे. नियम असोत नसोत, तिथल्या पुष्कळ लोकांच्या हाडीमाशी हे भिनलंय.

गोष्ट इथे संपवली असती तर छान झाली असती. पण खरी गोष्ट अशी कुठे संपते? मॅडिसनमध्ये आज जे ट्राउट जास्त दिसतात ते दोन. तांबूस-काळे ठिपकेवाला ब्राउन आणि अंगावर गुलाबी पट्टा असलेला रेनबो. हे दोघेही तिथले नाहीत! ब्राउन युरोपातला, १८८० च्या दशकात जर्मनीतून त्याची अंडी अमेरिकेत आली. रेनबो पॅसिफिक किनाऱ्याकडच्या नद्यांतला. दोघांनाही माणसांनी हौसेने आणून सोडलं. (आपल्याकडे काश्मीर, हिमाचल आणि निलगिरीत जे ट्राउट आहेत तेही असेच, इंग्रजांच्या काळात बाहेरून आलेले.) मॅडिसनचा मूळचा ट्राउट म्हणजे कटथ्रोट. जबड्याखाली लाल रेघ, जणू गळा चिरलाय, म्हणून हे नाव. लुईस आणि क्लार्कच्या माणसांनी १८०५ साली मिसुरीवर धरला तो हाच. आज त्याला पाहायचं तर बहुतेक वेळा डोंगरात वरच्या लहान ओढ्यांकडे जावं लागतं. पाहुण्यांनी घर घेतलं आणि घरधन्याची रवानगी माळ्यावर!

बाहेरच्यांबरोबर रोगही आले. १९९४ च्या अखेरीस मॅडिसनमध्ये युरोपातून आलेला एक सूक्ष्म परजीवी सापडला. त्याची लागण झालेली रेनबोची पिल्लं स्वतःच्याच शेपटीमागे गोल गोल फिरत राहतात. नदीच्या काही भागात दहांतले नऊ रेनबो नाहीसे झाले. पुढे ते थोडेफार सावरले. ब्राउनला मात्र विशेष काही झालं नाही, कारण तो त्या परजीवीच्याच गावचा.

त्याच वर्षी यलोस्टोन तलावात कुणाला तरी लेक ट्राउट सापडला. हा मोठा, खादाड आणि तिथला नव्हेच. तो कटथ्रोट खातो. तलावाला मिळणाऱ्या क्लियर क्रीक या ओढ्यात १९७८ साली ७० हजारांहून जास्त कटथ्रोट अंडी घालायला चढले होते. २००७ साली मोजले तेव्हा निघाले ५३८. नुसता मासाच कमी झाला नाही. कटथ्रोट उथळ ओढ्यांत येतो, तिथे अस्वलं आणि मत्स्यगरुड त्याच्यावर पोट भरतात. लेक ट्राउट खोल पाण्यात राहतो आणि तिथेच अंडी घालतो, तो अस्वलाच्या हाती लागणार कसा? तेव्हापासून उद्यानाची माणसं जाळी लावून लेक ट्राउट काढताहेत. आजवर ४० लाखांहून जास्त काढले. आता कटथ्रोट पुन्हा हळूहळू वाढू लागलाय.

म्हणून यलोस्टोन तलावावर नियम असा आहे: कटथ्रोट धरला तर जिवंत सोडलाच पाहिजे, आणि लेक ट्राउट धरला तर मारलाच पाहिजे. एकाच पाण्यात, एकाच दिवशी, एकाच गळाने! धरायचा की सोडायचा हे आधी कोण कुठला, ते ओळखल्याशिवाय ठरत नाही.

आता मैत्रिणीच्या प्रश्नातला खरा टोचणारा भाग. सोडतात ते कळलं, पण माशाला दुखत नाही का? २००३ साली ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटवरच याचा अभ्यास केला. माशाच्या ओठांजवळ इजा ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असतात, हे त्यांना दिसलं. ओठाला आम्ल टोचल्यावर काही मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासायला लागले, आणि त्यांनी बराच वेळ अन्नाला तोंड लावलं नाही. इजा कळणं आणि आपल्याला होतात तशा वेदना होणं एकच का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये कायदा वेगळा विचार करतो. परत सोडण्याच्याच इराद्याने मासा धरणं तिथे मान्य नाही. खायचा असेल तरच धरा, उगाच छळू नका! म्हणजे मोंटानात जो शहाणपणा, तो तिकडे गुन्हा. तुमच्या घरातही यावर दोन तट पडतील, पडू द्या.

मला विचाराल, तर हा खेळ एकतर्फी आहे. माशाला कुणी विचारलेलं नाही. तेव्हा 'आम्ही सोडतो, म्हणजे त्याला काहीच होत नाही' असं कुणी म्हणालं तर ते मला पटत नाही. सोडलेले बहुतेक मासे जगतात, सगळे नाही. त्यातून पाणी तापलेलं असेल तर दमलेला मासा सावरतच नाही, कारण गरम पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो. म्हणून मोंटानात नदीचं पाणी सलग तीन दिवस २३ अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं, की दुपारी दोननंतर गळ टाकायला बंदी करता येते. या बंदीला तिकडे घुबडवेळ म्हणतात. लाकूडतोडे पूर्वी आगीच्या भीतीने उन्हाळ्यात पहाटेच कामाला लागत, तेव्हा घुबडं ओरडत असत, त्यावरून हे नाव. हल्लीच्या उन्हाळ्यांत घुबडवेळ पुन्हा पुन्हा येते. हिमवर्षाव कमी झाला की जुलैतच पाणी आटतं आणि तापतं.

पण याच माणसांची एक दुसरी हकीकतही सांगायला हवी. आता परत चला त्या भूकंप तलावाशी. त्याच्या वरच्या अंगाला मॅडिसनवर हेबगेन नावाचं धरण आहे. ३० नोव्हेंबर २०२१ च्या पहाटे धरणाच्या दरवाजाचा एक भाग मोडला आणि खाली सुटणारं पाणी एकाएकी निम्म्याहून कमी झालं. दोन्ही तलावांच्या मधला नदीचा पट्टा उघडा पडायला लागला. दिवस कुठले? ब्राउन ट्राउटचे अंडी घालायचे. तळच्या खड्यांत त्यांनी नुकतीच अंडी पुरलेली. बाजूच्या डबक्यांत मासे अडकून पडले आणि डबक्यांतलं पाणी कमी कमी होत चाललं.

बातमी पसरली तशी माणसं यायला लागली. गावातली, लांबची, मासेमारीला लोकांना घेऊन जाणारे वाटाडे, दुकानदार, कुणी आपल्या पोरांना घेऊन. थंडीचे दिवस, बर्फाळ पाणी. कुणाच्या हातात काठी नव्हती. बादल्या होत्या, जाळी होती. दगडांवरून घसरत, अडखळत डबक्यातला एकेक मासा उचलायचा, बादलीत घालायचा आणि मधल्या धारेपर्यंत नेऊन सोडायचा. मोठे ब्राउन, बोटाएवढी पिल्लं, सगळे. दरवाजा दुरुस्त होऊन पाणी पुन्हा सुटायला जवळजवळ दोन दिवस लागले. तोवर बादल्यांच्या फेऱ्या चालू होत्या.